बंद दाराआडचा करार आणि गरिबाची गोळी

घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला की औषधांची चिठ्ठी पाहूनच घरच्यांच्या पोटात गोळा येतो. स्वस्तातली गोळी मिळाली तरच महिन्याचा किराणा भरता येतो. अशा स्वस्त गोळीवर घाला घालणारा एक करार परदेशात शिजला होता. त्याची हकीकत आपल्या घराघरात माहीत असली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

त्या कराराचे नाव ट्रान्स पॅसिफिक पार्टनरशिप, म्हणजेच टीपीपी. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, व्हिएतनाम, पेरू असे १२ देश त्यात होते, भारत नव्हता. वाटाघाटी वर्षानुवर्षे चालल्या, पण जनतेला मसुदा दाखवला गेला नाही. अमेरिकेत लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनाही तो बंद खोलीत वाचावा लागे आणि बाहेर येऊन त्याबद्दल बोलण्यास मनाई असे. सरकारी सल्लागार समित्यांवरील कंपन्यांच्या माणसांना मात्र मसुदे पाहता येत. ज्यांच्या जगण्याचा प्रश्न त्यांना दार बंद, आणि ज्यांच्या नफ्याचा प्रश्न त्यांच्यासाठी पान मांडलेले!

नोव्हेंबर २०१३ मध्ये विकिलीक्सने पेटंटविषयीचे प्रकरण फोडले, तेव्हा खरा डाव उघड झाला. पेटंट म्हणजे २० वर्षांची मक्तेदारी. जुन्याच औषधाचा नवा उपयोग दाखवून ती मक्तेदारी लांबवण्याची सोय त्यात मागितली होती.

मक्तेदारी मोडली की काय होते? एड्सच्या औषधांना एका रुग्णामागे वर्षाला १० हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे ३५० डॉलरला देऊ केली. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर पेटंट नव्हते, ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होते; म्हणून हे शक्य झाले. २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांमुळे हा कायदा बदलावा लागला.

टीपीपीत आणखी एक मेख होती. एखाद्या कायद्याने नफा बुडतो, असे म्हणून परदेशी कंपनी सरकारला खासगी लवादापुढे खेचू शकणार होती. दुसऱ्या एका कराराच्या आधारे फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीने सिगारेटच्या पाकिटांवरील कायद्यासाठी ऑस्ट्रेलियाला असेच खेचले होते. २०१५ मध्ये कंपनी हरली, पण सरकारला वर्षानुवर्षे लढावे लागले.

कामगार संघटना, डॉक्टर, शेतकरी या कराराविरुद्ध उभे राहिले. ४ फेब्रुवारी २०१६ रोजी ऑकलंडमध्ये सह्या होत असताना हजारो लोक रस्त्यावर होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या निवडणुकीत दोन्ही प्रमुख उमेदवारांना कराराला नकार द्यावा लागला आणि जानेवारी २०१७ मध्ये अमेरिका बाहेर पडली. उरलेल्या ११ देशांनी २०१८ मध्ये नवा करार केला, तेव्हा २२ तरतुदी बाजूला ठेवल्या. औषधांच्या पेटंटच्या जाचक अटी त्यांत होत्या.

पण बंधू-भगिनींनो, त्या अटी स्थगित आहेत, रद्द नाहीत. उद्या कोणत्याही नावाने त्या पुन्हा येऊ शकतात. म्हणून कोणताही व्यापार करार होऊ घातला की आपला पहिला प्रश्न एकच असावा: मसुदा कुठे आहे? जो कागद आपल्याला वाचू दिला जात नाही, त्यात आपले भले लिहिलेले नसते.