तमालपत्र : मसाल्यात मोलाचे, औषधात बेताचे

चैत्र-वैशाखात आपल्या नांदेड-लातूर भागात घरोघरी वर्षाचा काळा मसाला होतो. मिरच्या वाळतात, धणे-खोबरे भाजले जाते, दगडफूल आणि नागकेशराबरोबर मूठभर तमालपत्रही कढईत पडते. नांदेडकडच्या बगाऱ्याच्या भातात तर हे पान हवेच. इतक्या ओळखीच्या या पानाविषयी अलीकडे दवाखान्यात मला तीन प्रश्न वारंवार विचारले जातात. याचा काढा घेतला तर शुगरची गोळी बंद करता येईल का? पान जाळले तर डास जातात का? डाळीत टाकले तर भुंगा लागत नाही, हे खरे का? या प्रश्नांची उत्तरे आज पाहू.

पान ओळखावे कसे?

तमालपत्राचे झाड दालचिनीच्या कुळातले. हिमालयाच्या पायथ्याशी, उत्तराखंडापासून मेघालयापर्यंत ते वाढते. उत्तराखंडच्या तेजपत्त्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आपल्या पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. भूमध्य समुद्राकडच्या देशांत वापरतात ते ‘बे लीफ’ वेगळ्या झाडाचे. त्याला मधोमध एकच मुख्य शीर असते आणि वासही निराळा असतो. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

पान घेताना हिरवट रंगाचे, अखंड घ्यावे. मोडताच दालचिनी-लवंगेसारखा वास आला पाहिजे. पिवळे-तपकिरी, बिनवासाचे पान जुने समजावे. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीच्या उष्णतेपासून दूर ठेवावे. वर्षभर पुरेल एवढेच घ्यावे.

स्वयंपाकात

पानाचा सुगंध त्यातल्या तेलात असतो आणि तो तुपा-तेलात चांगला उतरतो. म्हणून पान फोडणीत सुरुवातीलाच टाकावे. पाव किलो तांदळाला एक-दोन पाने पुरतात. जास्त टाकल्यास कडवटपणा येतो. आयुर्वेदात दालचिनी, वेलची आणि तमालपत्र या तिघांना त्रिजात म्हणतात. त्यात नागकेशर मिळवले की चातुर्जात होते. भूक लागावी, अन्न पचावे यासाठी त्यांचा वापर परंपरेने चालत आला आहे. जेवणातल्या प्रमाणात तो बहुतेकांना मानवतो.

एक काळजी मात्र घ्यावी. हे पान कितीही शिजवले तरी मऊ पडत नाही. त्याची कड आणि शीर टणक राहते. गिळले गेल्यास ते घशात किंवा अन्ननलिकेत अडकते आणि दुर्बिणीने काढावे लागते, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून पाने मोजून टाकावीत आणि वाढण्याआधी मोजून काढावीत. लहान मुले आणि कवळी लावणारी वडीलधारी मंडळी यांच्या ताटाकडे विशेष लक्ष द्यावे. मसाल्यासाठी कुटताना मधली शीर काढून पान कडक भाजावे व पूड वस्त्रगाळ करावी.

शुगरवर काढा

मधुमेहाच्या बाबतीत 2009 साली पाकिस्तानातील एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 40 रुग्णांना 30 दिवस पानाच्या पुडीच्या कॅप्सूल दिल्या आणि साखर काहीशी उतरल्याचे दिसले. पण तो अभ्यास होता भूमध्य समुद्राकडच्या पानावर, आपल्या तमालपत्रावर नव्हे. शिवाय दिली होती मोजून पूड, काढा नव्हे. एवढ्या थोड्या लोकांवरच्या, महिनाभराच्या अभ्यासावरून गोळ्या बंद करण्याचा सल्ला कोणताही डॉक्टर देणार नाही.

गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद केले की साखर चढते आणि बरेचदा ते जाणवतही नाही. जाणवते ते पायाची जखम चिघळल्यावर, नजर अंधूक झाल्यावर. कपभर काढा आवडीने घेतला तर सहसा बिघडत नाही, पण त्यासाठी गोळी सोडू नये. नियमित काढा घेत असाल तर डॉक्टरांना तसे सांगावे. गरोदर स्त्रियांनी भाजी-भातातल्या पानापलीकडे जाऊ नये.

पान जाळावे का?

धुराने डास थोडा वेळ दूर जात असतील, पण खोलीत कोंडलेला धूर शेवटी धूरच. दम्याच्या रुग्णाला आणि तान्ह्या बाळाला तो बाधतो. डेंग्यूचा डास आपण साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे टाक्या, रांजण झाकून ठेवावेत. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी घासून-पुसून वाळवावीत. हा उपाय पान जाळण्यापेक्षा कितीतरी खात्रीचा आहे.

डाळ-धान्याच्या कोठीत

लातूर ही तुरीची मोठी बाजारपेठ. घरोघरी वर्षाची तूरडाळ भरून ठेवण्याची आपली रीत. कोठीत तमालपत्राची किंवा कडुलिंबाची वाळलेली पाने ठेवण्यास हरकत नाही. उग्र वासाने कीड काही अंशी दूर राहते. परंतु भुंग्याची अंडी अनेकदा शेतातूनच शेंगेवर आलेली असतात आणि अळी दाण्याच्या आत वाढते. तिथवर पानाचा वास पोचत नाही. खरे रक्षण होते ते कडक उन्हाने. तूर असो की डाळ, दोन-तीन दिवस ऊन द्यावे, पूर्ण गार होऊ द्यावी आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. अख्ख्या तुरीपेक्षा डाळीला भुंगा कमी लागतो. पाला ओला टाकू नये, त्याने धान्याला दमट लागते.

पानाने भागत नाही म्हणून काही घरांत धान्यात ठेवायची विषारी गोळी आणली जाते. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतला ओलावा लागताच तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. घरातल्या पोत्यात ठेवली तर त्याच घरात झोपलेल्या माणसांच्या जिवावर बेतू शकते. या विषावर उतारा नाही. नियमानुसार ही गोळी शासकीय यंत्रणा आणि प्रशिक्षित कीड नियंत्रकांनीच वापरायची आहे. ती घरात आणू नये. धान्याच्या खोलीत कुजक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास आला, कुणाला मळमळ, धाप, छातीत दडपण जाणवले, तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे, खोलीत परत जाऊ नये आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.

थोडक्यात, तमालपत्र भातात घालावे, मसाल्यात कुटावे, कोठीतही ठेवावे. शुगरची गोळी मात्र वेळेवर घ्यावी, आणि धान्यातली गोळी घराच्या उंबऱ्याआत येऊ देऊ नये.