श्रद्धा सोडली म्हणून मन बिघडलं, की श्रद्धेनेच बिघडवलं?

ज्यांना लोकलच्या गर्दीत एपिसोड नीट ऐकू येत नाही, किंवा घरात शेजारी कुणी बसलंय म्हणून ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. आजचा विषय बघता दुसऱ्या कारणाने वाचणारेच जास्त असतील, असं मला वाटतं.

आधी माझं सांगतो. मी एका कडक शिस्तीच्या पंथात वाढलो. नाव घेणार नाही, कारण माझी माणसं अजून तिथेच आहेत आणि ती वाईट माणसं नाहीत. बाविसाव्या वर्षी मी जाणं थांबवलं. भांडलो नाही, फक्त एका रविवारी गेलो नाही, मग पुढच्याही. हळूहळू फोन कमी झाले, मग बंदच झाले. आजी गेली ते मला एका नातेवाइकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळलं. त्यानंतर कितीतरी महिने धड झोप नव्हती. रात्री तीनला छाती धडधडत जाग यायची आणि डोक्यात एकच विचार असायचा, ही शिक्षा तर नाही ना?

त्या काळात मला दोन वाक्यं ऐकायला मिळाली. काका म्हणाले, "बघ, मार्ग सोडलास आणि मन गेलं." आणि माझ्यासारखाच बाहेर पडलेला एक मित्र म्हणाला, "अजून झोपताना हात जोडतोस? म्हणजे तू बाहेर पडलाच नाहीस. तो आजारच आहे."

आज विचार करतो तेव्हा वाटतं, दोघांपैकी एकानेही विचारलं नाही की तुला झोप का येत नाही. दोघांना आपापला मुद्दा सिद्ध करायचा होता, आणि पुरावा म्हणून मी हाताशी होतो.

हाच वाद जगभर

हे माझ्या घरापुरतं नाही. 'यहोवाचे साक्षीदार' हा ख्रिस्ती पंथ घ्या. मूळ अमेरिकेतला, पण भारतातही आहे. १९८५ साली केरळच्या एका शाळेने याच पंथातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून काढून टाकलं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. मुलं आदराने उभी राहत होती, तेवढं पुरे, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे या लोकांनीही श्रद्धेपायी सोसलेलं आहे, हे विसरून चालणार नाही.

पण याच पंथात बाप्तिस्मा घेतलेली व्यक्ती बाहेर पडली किंवा काढली गेली, की मंडळीत तशी घोषणा होते आणि बाकीचे तिच्याशी संबंध तोडतात. वेगळ्या घरात राहणारे सख्खे नातेवाईकसुद्धा संपर्क अगदी गरजेपुरता ठेवतात. पंथाचं म्हणणं असं की हे प्रेमापोटी आहे, माणूस परत यावा म्हणून. २०२४ मध्ये त्यांनी नियम थोडे सैल केले. जुना शब्द वापरणं थांबवलं, आणि अशी व्यक्ती सभेला आली तर तिला साधा नमस्कार करायला परवानगी दिली. 'साधा नमस्कार' ही बातमी होते, यावरूनच कल्पना करा.

नॉर्वे सरकारने याच बहिष्काराच्या कारणावरून या पंथाचं अनुदान थांबवलं. २०२४ मध्ये ऑस्लोच्या जिल्हा न्यायालयाने सरकारला बरोबर ठरवलं, तर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने पंथाला. दोन न्यायालयांचं एकमत होत नाही, तिथे काका आणि मित्राचं कुठून होणार!

आकडे कुणाच्या बाजूने?

"श्रद्धाळू माणसं मानसिकदृष्ट्या जास्त निरोगी असतात" असं सांगणारे अभ्यास खरंच आहेत, आणि बरेच आहेत. पण ते वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

एक, फायदा नक्की कशाचा? दर आठवड्याला भेटणारी, आजारपणात डबा आणून देणारी पन्नास माणसं असतील तर कुणालाही बरं वाटेल. तो परिणाम देवाचा की डब्याचा, हे वेगळं काढणं अवघड आहे.

दोन, कारण आणि परिणाम उलटे असू शकतात. नैराश्य आलेल्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठवत नाही. तो सत्संगाला जात नाही, मग लोक म्हणतात, जात नाही म्हणून नैराश्य आलं.

तीन, आपल्यापर्यंत आवाज कुणाचा पोहोचतो? पंथ सोडलेल्यांच्या ग्रुपमध्ये जास्त बोलतात ते जास्त भाजलेले. शांतपणे सोडून कामाला लागलेले तिथे फारसे नसतातच. उलट, पंथात राहून आतून खचलेले गप्प बसतात, कारण बोललं तर श्रद्धा कमी पडली असं ऐकावं लागतं. म्हणजे दोन्हीकडचं चित्र अर्धवटच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी या गोंधळातून एक चांगली वाट काढली. श्रद्धा आहे की नाही, यापेक्षा ती संकटात कशी वापरली जाते हे त्यांनी बघितलं. "देव माझ्यासोबत आहे" या भावनेने माणूस सावरतो. "देवाने मला टाकलंय, ही माझी शिक्षा आहे" या भावनेचा संबंध जास्त त्रासाशी दिसतो. श्रद्धा एकच, पण एकाला ती आधार वाटते आणि दुसऱ्याला धाक.

मग हा आजार आहे का?

२०११ मध्ये मार्लीन वाइनेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 'रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम' हा शब्द आणला. कडक धर्मातून बाहेर पडलेल्यांची भीती, अपराधीपणा, एकटेपण, निर्णय घेताना होणारी घालमेल, या सगळ्याला एक नाव मिळालं. कितीतरी लोकांना त्या नावानेच हायसं वाटलं. पण हे अधिकृत निदान नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदान-पुस्तिकेत १९९४ पासून 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' अशी नोंद आहे, पण तीसुद्धा आजार म्हणून नाही. माणूस श्रद्धा हरवल्यामुळे अडचणीत असू शकतो, तो लगेच रोगी ठरत नाही, एवढाच तिचा अर्थ.

आपला कायदाही हेच म्हणतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात स्पष्ट लिहिलंय की समाजातल्या प्रचलित धार्मिक श्रद्धा एखादी व्यक्ती मानत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आणि ती अमुक धार्मिक गटाची आहे, यावरूनही नाही. म्हणजे काकांचं वाक्यही बाद, मित्राचंही बाद!

मला उपयोगी पडलेले तीन प्रश्न

मी शेवटी ज्या समुपदेशक ताईंकडे गेलो, त्यांनी देव आहे की नाही हा विषयच काढला नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. तुला कशाची भीती घातली गेली होती? तुझ्याशी तिथे कसं वागले? आणि बाहेर पडताना तू काय गमावलंस?

तिसऱ्या प्रश्नावर मी रडलो. तोपर्यंत मला वाटत होतं की माझा प्रश्न श्रद्धेचा आहे. तो आजीचा होता. तिला शेवटचं भेटायचं राहिलं, आणि त्या दुःखाला कुणी दुःख म्हणूनच बघितलं नव्हतं. काकांच्या मते ते माझ्या पापाचं फळ होतं, मित्राच्या मते पंथाविरुद्धचा मुद्दा.

भीतीवर वेगळा उपाय असतो, माणसं तुटल्याच्या दुःखावर वेगळा. मन सतत "पाप झालं का?" तपासत बसत असेल, तर तो ओसीडीचाही प्रकार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. कुणी मारलं असेल, धमकावलं असेल, गावाने किंवा समाजाने वाळीत टाकलं असेल, तर तो आजार नाही, अन्याय आहे. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केलाय. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्थात, आईने फोन उचलावा अशी सक्ती कुठलाच कायदा करू शकत नाही. तिथे वाट बघावी लागते, आणि दरम्यान नवी माणसं जोडावी लागतात.

मी आजही कधी कधी झोपताना हात जोडतो. कधी नाही जोडत. दोन्ही दिवशी झोप लागते.

तुमच्या ओळखीचं कुणी असं बाहेर पडलं असेल, किंवा परत आत गेलं असेल, तर "मी म्हणत नव्हतो?" हे वाक्य तेवढं गिळा. जेवलास का, झोपतोस का, एवढं विचारा. आणि तुम्हीच त्या जागी असाल, रात्री फार जड जात असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे. मराठीत बोलता येतं.

हा भाग कुणाला पाठवावासा वाटला तर जरूर पाठवा. फक्त वाद जिंकायला नको. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!