डोंगरी भागातील चिकित्सालय व काळाचे नियोजन

भोर व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्याचा दिवस घड्याळापेक्षा एस. टी.च्या वेळापत्रकावर अधिक अवलंबून असतो. सकाळच्या गाडीने रुग्ण एकदम येतात आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून सर्वच घाईत असतात. या घाईत पहिला बळी जातो तो रुग्णपरीक्षणाचा. अष्टविध परीक्षेतील नाडी व जिव्हा पाहिली जाते, मलाविषयी विचारावयाचे राहते. आणि आम्लपित्ताचे चूर्ण घेऊन परतणाऱ्या रुग्णास काळा मल होत असल्याचे कोणासच कळत नाही. म्हणून वेळ वाचवावयाचा तो अन्यत्र, परीक्षणात नव्हे.

पुड्या बांधणे, काढ्याची कृती सांगणे व पथ्य समजावणे यांत बराच वेळ जातो. नेहमीच्या चूर्णांच्या पुड्या आदल्या सायंकाळी बांधून ठेवाव्यात. मात्र शार्ङ्गधरांच्या मते चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, हे ध्यानी ठेवून बेतानेच. काढ्याची कृती मोठ्या अक्षरांत छापून द्यावी. औषधसेवनकाल मात्र तोंडीच सांगावा. ग्रंथोक्त 'प्राग्भक्त' आपण 'जेवणापूर्वी' असे लिहितो, परंतु पहाटे भाकरी खाऊन शिवारात जाणाऱ्याचे 'जेवण' नेमके कोणते, हे विचारल्याविना त्या शब्दास अर्थ नाही.

पंचकर्माचे नियोजन हा खरा कसोटीचा विषय आहे. वाग्भटांनी वात, पित्त व कफ यांच्या शोधनासाठी अनुक्रमे श्रावण, कार्तिक व चैत्र हे महिने सांगितले आहेत. आपल्याकडे आषाढात भातलावणी चालते. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या शेतकऱ्यास बस्तीची तारीख देणे व्यर्थ होय. लावणी उरकली की श्रावणात त्यास थोडी उसंत मिळते, आणि शास्त्रोक्त काळही तोच. कंबर व गुडघे धरलेले रुग्ण याच वेळी बोलवावेत. कार्तिकात मात्र विरेचन आणि भातकापणी यांची गाठ पडते. संसर्जनक्रमात पेया-विलेपीवर असलेल्या माणसास कापणीला जाऊ देणे म्हणजे केलेल्या कर्मावर पाणी ओतणे. अशा वेळी कापणी उरकल्यावरचा दिवस ठरवावा, तोवर शमनचिकित्सा द्यावी. चैत्रात गावोगावच्या जत्रा असतात. वमनाची तारीख जत्रेच्या मागे-पुढे ठेवावी, अन्यथा रुग्ण स्नेहपान अर्धवट सोडतो.

दिवसाची आखणीही कर्मानुसार व्हावी. वमन सकाळच्या कफकालात, निरूह बस्ती रिकाम्या पोटी, अनुवासन भोजनोत्तर. म्हणजे निरूहाचे रुग्ण व सकाळच्या गाडीची गर्दी एकाच वेळी येणार हे उघड आहे. ज्यांस मदतनीस नाही त्यांनी आठवड्यातील दोन दिवस केवळ कर्मासाठी राखावेत व तसा फलक दाराशी लावावा.

औषधालयचालकांनी श्रावणातील बस्तीसाठी लागणारी तैले व भरड यांची मागणी ज्येष्ठातच नोंदवावी. पावसात दरडी कोसळून वरंध घाटासारखे रस्ते बंद होतात, आणि तेल संपले म्हणून थांबलेला बस्तिक्रम पुन्हा जुळविणे कठीण असते.

क्रमांकाची पद्धत जरूर ठेवावी. पण दाराशी बसणाऱ्या मदतनिसास सर्पदंश, छातीतील कळ, श्वास लागणे व बेशुद्धी ही लक्षणे शिकवून ठेवावीत. अशा रुग्णास क्रमांक द्यावयाचा नाही. तत्काळ वैद्यास कळवून वाहनाची सोय करावी आणि रुग्णालयास दूरध्वनीने पूर्वसूचना द्यावी. त्यासाठी १०८ क्रमांक व जवळच्या शासकीय रुग्णालयाचा दूरध्वनी भिंतीवर लिहिलेला असावा.