चुन्याचा उलटा स्वभाव

बोर्डो मिश्रणाचा वायदा या आठवड्यात मोडतो. मोरचूद भिजत पडू दे. गेल्या लेखांकातली चुन्याची निवळी वाचून एका वाचक भगिनींनी जो उद्योग केला, तो आधी सांगायला हवा.

त्यांना कोहळ्याचा पेठा करायचा होता. फोडी कडक राहाव्यात म्हणून निवळी जरा 'जोरदार' हवी. मग स्वच्छ निवळी गॅसवर ठेवायची, उकळली की त्यात आणखी चुना घालायचा, असा बेत. साखरेच्या पाकाचा अनुभव गाठीशी होताच. पण चुना घालायच्या आधीच निवळी गढूळली. "दुकानदारानं मला चुना लावला का?" असं त्यांनी विचारलंय.

नाही हो, दुकानदार निर्दोष आहे. चुन्याची चाल साखरेच्या उलटी. वीस अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम चुना विरघळतो, उकळत्या पाण्यात पाऊण ग्रॅमही नाही. (मीठ याच लिटरात साडेतीनशे ग्रॅमांच्या वर मावतं!) चुना विरघळताना थोडी उष्णता बाहेर टाकतो. बाहेरून आणखी उष्णता दिली की त्याचं पाऊल मागे पडतं आणि विरघळलेला चुना पुन्हा कण होऊन दिसू लागतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की रटरटतो ती गोष्ट निराळी. तिथे विरघळणं नाही, कळीचं विरीच्या चुन्यात रूपांतर होतं.

आता माझा जुना हट्टाचा मुद्दा. इतका कमी विरघळतो म्हणजे चुना सौम्य अल्क असणार, असं भलेभले लिहितात. साफ चूक. किती विरघळतो हा एक प्रश्न, विरघळलेला किती तीव्र हा दुसरा. चुन्याचा जेवढा अंश पाण्यात उतरतो तो जवळजवळ सगळा आयनांत फुटतो, म्हणून निवळीचा सामू साडेबाराच्या आसपास जातो. अमोनियाचं नेमकं उलट: पाण्यात भरभरून विरघळतो, पण आयन होतात थोडेच. पानाला चुना जास्त लागला की तोंड का भाजतं, तेही यातच आलं. विरघळलेला चुना लाळेत खर्ची पडला की न विरघळलेल्या साठ्यातून नवा उतरतो. पोटात घ्यायचं 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' तसं भाजत नाही, कारण मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड लिटरला ग्रॅमचा शंभरावा भागच विरघळतं.

जाता जाता: निवळी ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात कधीच ठेवू नका, ती धातू खाते. बाईंचं पातेलं स्टीलचं होतं, हे बरं.

पण त्यांच्या पातेल्यात दुसराही संशयित होता. गॅस जळताना कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि उघड्या पातेल्यातली निवळी तो घेते. त्यातून बनतो कॅल्शिअम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच भाऊबंद. जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ साली मॅग्नेशिया आणि चुना यांवर आपलं काम छापलं, त्यांनीही हाच साक्षीदार वापरला: निवळीत फुंकर मारली की ती पांढरी होते.

दोघांपैकी गुन्हेगार कोण, हे घरीच ठरतं. गढूळ पाणी झाकणबंद बाटलीत गार करून अधूनमधून हलवायचं. निवळलं तर चुना. राहिलं त्यावर व्हिनेगर टाकायचं. बुडबुडे आले तर खडू.

मी तसं कळवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: बरंचसं निवळलं, पण तळाशी पातळ पांढरा थर राहिला, आणि व्हिनेगर पडताच त्यातून बारीक बुडबुडे आले. म्हणजे दोघंही! पेठा त्यांनी दुसऱ्याच, गार निवळीत केला.

पुढच्या आठवड्यात मात्र मोरचूद. लोखंडी विळा घासून तयार ठेवा.