राजवाडा आणि फाशीचा दोर

इंदूर येथील होळकरांचा सातमजली राजवाडा आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. 2018 च्या एप्रिलमध्ये त्याच्यासमोरील पदपथावर फुगे विकून पोट भरणारे एक जोडपे आपल्या काही महिन्यांच्या मुलीसह निजले होते. रात्री ते बालक कोणीतरी उचलून नेले. जवळच्याच एका इमारतीच्या तळघरात त्याचा विटंबिलेला देह सापडला.

शहर संतापले, आणि तो संताप अनाठायी नव्हता. महिनाही लोटला नाही तोच, 12 मे रोजी, सत्र न्यायालयाने पकडलेल्या तरुणास देहान्ताची शिक्षा फर्मावली. उच्च न्यायालयाने ती कायम केली. न्याय इतक्या त्वरेने झाला म्हणून पुष्कळांनी धन्यता मानली.

परंतु 2023 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला पुन्हा चालविण्याची आज्ञा दिली. आरोपीस बचावाची पुरेशी संधी मिळालीच नाही, असे न्यायमूर्तींना आढळले. तो निर्दोष आहे असे ते म्हणाले नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. पण ज्या घाईची आपण वाहवा केली ती जल्लादालाही झाली असती, तर मग फेरतपासणी कोणाची करावयाची?

फाशीमुळे दुर्जनांस जरब बसते, असे आपल्या ओट्यांवरही ऐकू येते. फाशीची जरब जन्मठेपेहून अधिक बसते याला पुरावा नाही, असे आपल्या विधी आयोगाने 2015 साली 262 व्या अहवालात म्हटले, आणि दहशतवादाचे व राष्ट्राविरुद्ध युद्धाचे गुन्हे वगळता ही शिक्षा बंद करावी, अशी शिफारस केली. 2018 साली परमगुरू फ्रान्सिस यांनी तर ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात बदल करून देहदंड सर्वथा अग्राह्य ठरविला.

इंदूरकडे येणाऱ्या एका बसमध्येच 25 फेब्रुवारी 1995 रोजी सिस्टर राणी मारिया यांची सुऱ्याचे वार करून हत्या झाली. उदयनगरच्या गरीब शेतमजुरांना त्यांनी सावकारी पाशातून सोडविले होते, हा त्यांचा अपराध! मारेकरी समुंदर सिंह यास जन्मठेप झाली. तो जिवंत राहिला म्हणूनच 2002 साली राणी मारियांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधू शकली. 2006 साली सुटल्यावर तो केरळात त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागून आला.

मात्र राजवाड्यासमोरच्या त्या मातेला ही हकिगत ऐकविण्यास माझी जीभ रेटणार नाही. ती भेटलीच, तर मी तिच्याजवळ मुकाट्याने बसेन.