डोंबिवली ते अमरावती : एका बिऱ्हाडाचा हिशोब

'मराठी विभागासाठी काहीतरी लिही ना' असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हणाले. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी. 'एकोणसत्तर' म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन हे मला अजूनही बोटांवर मोजावं लागतं. पण ती म्हणाली, आकड्यांत लिही, मग तर झालं? म्हणून हा आकड्यांचा लेख. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

मित्रमैत्रिणींनो, आपण हॉस्टेलवाले दर जूनमध्ये एक बॅग, एक बादली आणि एक गादी घेऊन रूम बदलतो आणि त्याला शिफ्टिंग म्हणतो. ते शिफ्टिंग नव्हे. मार्च २०२५ मध्ये मी पहिल्यांदा खरं बिऱ्हाड हलवलं. चार मजले, बिन लिफ्टची बिल्डिंग, एकवीस वर्षांचा संसार आणि मध्ये सहाशे किलोमीटरच्या वर अंतर.

झालं असं की माझी आजी (बाबांची आई) अमरावतीला एकटी राहायची. २०२४ च्या पावसाळ्यात ती बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. बाबा डिसेंबरमध्ये रिटायर होणारच होते. डोंबिवलीचं घर भाड्याचं, अमरावतीचं स्वतःचं. निर्णय दोन मिनिटांत झाला, निदान बाबांचा तरी. आई काही बोलली नाही. बाबा डिसेंबरअखेर एक सूटकेस घेऊन पुढे गेले. आई दहावीच्या शिकवण्या घेते, तिच्या मुलांची बोर्डाची परीक्षा १७ मार्चला संपणार होती, म्हणून ती मागे राहिली. आणि 'तू इंजिनिअर होणार ना, मग कर प्लॅनिंग' म्हणून बाकी सगळं माझ्या गळ्यात पडलं. सबमिशनच्या दिवसांत!

सगळेजण पहिली चूक करतात ती मीही केली. इंटरनेटवरून चार पॅकर्स अँड मूव्हर्सना फोन लावले. 'वन बीएचके, डोंबिवली टू अमरावती' एवढं सांगितल्यावर ३२ हजारांपासून ४५ हजारांपर्यंत आकडे आले. एकाच घराचे! कारण त्यांनी घर पाहिलं नव्हतं आणि मी सामान मोजलं नव्हतं. फोनवर स्वस्त सांगायचं आणि सामान ट्रकमध्ये चढल्यावर 'मॅडम, हे तर जास्त आहे' म्हणायचं, हा या धंद्यातला जुना खेळ. आमच्या शेजाऱ्यांचं सामान तर पोचल्यावर नऊ हजार जास्त दिल्याशिवाय उतरवलंच नव्हतं.

म्हणून मी टेप घेऊन बसले. ट्रक वजनाने भरायच्या आधी जागेने भरतो. घरातलं सामान हलकं पण अवजड असतं, त्यामुळे किलो मोजण्यात अर्थ नाही, घनफूट मोजायचे. प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकार करायचा, बस्स. चौदा फुटी ट्रकचा हौदा साधारण १४ × ६ × ६ म्हणजे ५०४ घनफूट. पण सामान विटांसारखं रचता येत नाही, म्हणून ८० टक्केच धरायचे. म्हणजे ४००. आमची यादी भरली ५१०! याचा अर्थ सतरा फुटी ट्रक, भाडं २९ हजार. चौदा फुटी असता तर २४ हजार, म्हणजे घनफुटाला ६० रुपये.

हा ६० चा आकडा हातात आला आणि घराकडे बघायची माझी नजरच बदलली. सोफा ५४ घनफूट, म्हणजे त्याला नुसतं न्यायला ३,२४० रुपये, हमाली वेगळी. तो विकून दोन हजार आले. फ्रिज २० घनफूट, १,२०० रुपयांत जातो, नवा घ्यायचा तर किती पडेल विचार करा. आणि लोखंडी कपाट? जवळजवळ ३० घनफूट, पण ते आतून पोकळ आहे. त्यात कपडे, अंथरुणं, पुस्तकं भरली की कपाट म्हणजेच एक मोठं खोकं. तीच गोष्ट वॉशिंग मशीनच्या ड्रमची, पिंपांची आणि कुकरची. पोकळ वस्तू रिकामी पाठवायची नाही, हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवला होता. शेवटी सोफा गेला (५४), माझं अभ्यासाचं टेबल गेलं (१९), स्कूटर रेल्वेने पाठवायची ठरली (५२), आणि यादी ३८५ वर आली. चौदा फुटीत बसली. मात्र हे गणित सीमारेषेवरच उपयोगाचं. ट्रक अर्धा रिकामा जाणार असेल तर सोफा विकून भाड्यातला एक रुपयाही वाचत नाही.

स्कूटरचं थोडं सांगते, कारण हॉस्टेलमध्ये बऱ्याच जणांकडे गाडी आहे आणि पास आउट झाल्यावर ती घरी न्यायची असते. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि गाडी गोणपाटात बांधून न्यावी लागते. बांधणारे तिथेच मिळतात, आधी भाव ठरवा. तुमचं त्याच गाडीचं तिकीट असेल तर ती लगेज म्हणून जाते, नसेल तर पार्सल म्हणून. आमची पार्सलने बडनेऱ्यापर्यंत गेली, बांधणीसकट दोन हजारांच्या आत. डोंबिवली एमएच-०५, अमरावती एमएच-२७, पण राज्य एकच, त्यामुळे नवा रोड टॅक्स नाही. आरसीवरचा पत्ता बदलण्यासाठी तीस दिवसांत कळवायचं असतं, तेवढंच.

आता ट्रक. इथे बाबांच्या एका मित्राने सांगितलेली युक्ती कामी आली. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी भागातून मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये वाशीच्या मार्केटला येतात. ट्रक माल खाली करतो आणि परत जाताना भाडं शोधत फिरतो. रिकामं जाण्यापेक्षा डिझेल सुटलं तरी पुष्कळ, असा त्याचा हिशोब असतो. अशी 'रिटर्न गाडी' आम्हाला १७ हजारांत मिळाली. सात हजार वाचले! यात धोका एवढाच की तारीख आपल्या हातात राहत नाही. आम्ही दोन दिवस आधीपासून बांधून, चटईवर झोपून तयार होतो. फोन आला शनिवारी २२ मार्चला सकाळी, गाडी दारात दुपारी.

ट्रक स्वतः ठरवलात तर बिल्टी मागून घ्या, नंबरप्लेटचा आणि लायसन्सचा फोटो काढा, आणि थोडी रक्कम सामान उतरल्यावरच द्या. एका एजंटने ई-वे बिलाचे म्हणून १,२०० रुपये मागितले होते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही. आम्ही वस्तूंची यादी करून वर 'वापरलेले घरगुती सामान, विक्रीसाठी नाही' असं लिहून सही केली आणि ड्रायव्हरकडे दिली. आणि कोणी 'इन्शुरन्स इन्क्लुडेड' म्हणालं तर पॉलिसी नंबर विचारा. बहुतेक वेळा पुढे शांतता पसरते.

मेकॅनिकलवाल्यांसाठी दोन गोष्टी. फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या मागे ड्रम घट्ट धरणारे ट्रान्झिट बोल्ट असतात. मशीन बसवताना ते काढतात आणि सगळे फेकून देतात. ते नसतील तर प्रवासभर ड्रम आपटत जातो. आमचे बोल्ट आईच्या सुईदोऱ्याच्या डब्यात सापडले. आई ग्रेट आहे! दुसरं, फ्रिज उभाच न्यायचा. आडवा झालाच तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल जागेवर येतं.

गॅसचं मात्र मी चुकवलं. दुसऱ्या गावी जाताना सिलेंडर आणि रेग्युलेटर जमा करून डिपॉझिट परत मिळतं, पण ते जुन्या पावतीवर लिहिलेलं. नव्या जागी आजचा दर भरायचा, १४.२ किलोच्या सिलेंडरला २,२०० रुपये (हा दर जून २०२२ पासून आहे). फरक आपल्या खिशातून. मी दोन्ही आकडे सारखेच धरले होते.

एवढं सगळं एक्सेलमध्ये टाकून मी आईला दाखवलं. ट्रक १७,०००, दोन्हीकडची हमाली ६,५००, पॅकिंगचं सामान २,२००, स्कूटर १,९००, तिकिटं १,६००. एकूण २९,२००. वर दहा टक्के फॅक्टर ऑफ सेफ्टी. मी फार खूश होते. आईने चष्मा लावला, खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, 'यात माझे चौदा हजार कुठे आहेत?'

मला कळलंच नाही. ती म्हणाली, 'माझ्या शिकवण्यांचे महिन्याला चौदा हजार येतात. एप्रिल, मे, जून, तिथे मला कोण ओळखतं? तीन महिन्यांचे बेचाळीस हजार. तुझ्या ट्रकच्या अडीच पट. आणि तुझ्या मेसचे पैसे कुठून जातात असं तुला वाटतं?'

बाबा रिटायर झालेले, पीएफला हात लावायचा नाही असं ठरलेलं. म्हणजे घरात चालू उत्पन्न म्हणावं तर तेच एक होतं. आणि माझ्या शीटमध्ये बबल रॅपला रकाना होता, त्याला नव्हता. त्या रात्री मी शीट पुन्हा केली. बंद होणारं उत्पन्न ४२,०००. आजीच्या बाथरूममध्ये कमोड, पकडायचे दांडे आणि न घसरणाऱ्या फरशा, १८,०००. कूलर ७,५००, कारण मुंबईकडच्या माणसाला पंख्यावर भागतं, अमरावतीच्या मे महिन्यात नाही. गॅसचा फरक वगैरे १,८००. एकूण ९८,५००. म्हणजे ज्याला आपण 'शिफ्टिंगचा खर्च' म्हणतो तो एक तृतीयांशसुद्धा नव्हता.

आणखी एक गंमत (त्या वेळी गंमत वाटली नव्हती). डोंबिवलीच्या घराचं डिपॉझिट ५० हजार परत येणार होतं, म्हणून मी ते जमेत धरलेलं. पण ते घर सोडल्यावर मिळतं आणि बाथरूमचं काम त्याआधी करायचं होतं. मालकांनी रंगकामाचे आठ हजार कापले आणि उरलेले मे महिन्यात दिले. त्यामुळे नुसती बेरीज करू नका, कुठला पैसा कुठल्या तारखेला जाणार आणि येणार ते लिहा. आम्ही फेब्रुवारीत मावशीकडून वीस हजार उसने घेतले ते यामुळेच.

शनिवारी रात्री आई आणि मी कल्याणहून अमरावती एक्सप्रेस पकडली. ट्रक नाशिक, धुळे, जळगाव, अकोला करत रविवारी संध्याकाळी पोचला. ड्रायव्हरकाका अकोला-अमरावती रस्त्याचं फार कौतुक करत होते. सिव्हिलवाल्यांना माहीत असेल, जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. आम्ही गेल्यावर महिन्याभरात, १६ एप्रिलला, अमरावतीचं विमानतळ सुरू झालं आणि ५ जूनला समृद्धी महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. आमचं टायमिंग नेहमी असंच.

आजी वॉकर घेऊन दारात उभी. सामान उतरताना बघून म्हणाली, 'काहून वं पोरी, येवढं सामान आनलं? घरात का काहीच नोयतं?' खरंच, आता घरात चार कुकर आहेत. आजीच्या स्वयंपाकघरात काय काय आहे हे फोन करून विचारायचं मला सुचलंच नव्हतं. तेवढे घनफूट फुकट गेले. आईने ते कुकर अजून माळ्यावर टाकलेले नाहीत, आजीनेही तिचे काढलेले नाहीत. तो विषय निघाला की बाबा बाहेर फेरी मारायला जातात.

छोटं शहर स्वस्त म्हणतात ते अर्धं खरं. भाडं वाचलं, भाजी स्वस्त. पण लोकलचा पास नाही म्हणून स्कूटरला रोज पेट्रोल, आणि उन्हाळ्यात कूलरमुळे विजेचं बिल डोंबिवलीच्या वर गेलं.

आईचा ४ × ३ फुटांचा फळा मी यादीतून काढला होता, 'नवा घेऊ' म्हणून. तिने तो परत घालायला लावला. तसा तो कपाटामागे उभा गेला, जागा काहीच लागली नाही. पाडव्याच्या दिवशी, ३० मार्चला, तो आजीच्या ओसरीत टांगला. जूनमध्ये पाच मुलं आली, दिवाळीपर्यंत अकरा झाली. डोंबिवलीला बावीस होती. माझ्या शीटमधला तो रकाना अजून लाल आहे, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला आई फोनवर मला नवा आकडा सांगते, मी भरते.