सोडण्याचे कारण : वैयक्तिक

शाळेत शिपाई ठेवायचा तर पूर्वी ओळख पुरायची. ‘आपल्या अमक्याचा भाऊ, पोरगा कामाचा आहे’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी घंटा त्याच्या हातात.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा लागू झाला. असा अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणं हाच त्यात गुन्हा ठरला. संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. नेमणुकीच्या वेळच्या चौकशीचा विषय ऐरणीवर आला तो सप्टेंबर २०१७ मध्ये. गुरुग्रामच्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, बसवाहक पकडला गेला आणि चार दिवसांत सीबीएसईचं परिपत्रक निघालं : सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, वर मानसशास्त्रीय चाचणी. पुढे सीबीआयनं त्याच शाळेतल्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं, बसवाहक सुटला. ज्याच्यावरून परिपत्रक निघालं, तो निरपराध होता!

मार्च २०२० च्या पोक्सो नियमांनी ठरावीक काळानं पडताळणी बंधनकारक केली. त्याच महिन्यात शाळांना कुलपं लागली. २०२२ मध्ये महाराष्ट्रात शाळांमधल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्यांचा शासन निर्णय आला. बऱ्याच ठिकाणी तो फायलीतच राहिला.

मग ऑगस्ट २०२४, बदलापूर. शाळेतच चार-चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार. आरोपी कंत्राटावरचा सफाई कामगार, रुजू होऊन पंधरवडाही झाला नव्हता. तक्रार नोंदवायला गेलेल्या आईबापांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, २१ ला शासन निर्णय हजर : महिन्याभरात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

चारित्र्य पडताळणीचा दाखला कधी नीट वाचला आहे? त्याचा सगळा जीव एका वाक्यात असतो : पोलिसांकडे या व्यक्तीविरुद्ध गुन्ह्याची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे काही केलं नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. संस्थेची अब्रू जाईल म्हणून मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहून घेतला, पालकांची समजूत काढली, की दाखला कोराच. म्हणजे पडताळणीची सारी मदार न कळवणं गुन्हा ठरवणाऱ्या त्या २०१२ च्या कलमावर. बदलापूरच्या संस्थाचालकांवर ते लागलं, पण प्रकरण राज्यभर पेटल्यावर.

तोवर पुढची शाळा दाखला जोडून घेते, अर्ज वरवर चाळते. अनुभव : तीन वर्षे. सोडण्याचे कारण : वैयक्तिक. जुन्या शाळेचा फोन नंबर त्याच कागदावर असतो.